दोन्ही पाय जमिनीवर

आमची चालायची खोली
मस्कतमध्ये, अल खुवैरला, टायरच्या दुकानाच्या अगदी डोक्यावर.
दहा मीटर लांब काळी पट्टी,
तिच्या पोटात भार मोजणारे चार चौकोन,
भिंतीवर आठ कॅमेरे, पापण्या नसलेले.
मी मुलांच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर
वाटाण्याएवढ्या चकाकत्या गोळ्या चिकटवते
आणि म्हणते, चाल. नेहमी चालतोस तसा.

मग नेहमीसारखं कुणीच चालत नाही.

आज अन्वय आला. नऊ वर्षं, एकावन्न किलो.
आई दारातूनच बोलायला लागली:
आमच्याकडे हाडंच जाड आहेत,
आणि उन्हाळ्यात खेळायला सोडू कुठे, तुम्हीच सांगा,
चार महिने खाली पार्किंगमध्ये उतरवत नाही,
चप्पल डांबराला चिकटते.
मी मान हलवली. माझीही चिकटली आहे.

तो चालला.
पडद्यावर त्याच्या मागोमाग काड्यांचा एक माणूस चालला,
ना पोट, ना गाल, ना टी-शर्टवरचा डायनासोर,
नुसत्या रेषा.
पावलं फाकलेली, बोटं बाहेर वळलेली,
गुडघे एकमेकांच्या कानाला लागलेले,
तळव्याचा ठसा टाचेपासून चवड्यापर्यंत सलग लाल,
मधली कमान बुजलेली.
आणि एक आकडा, जो मी सगळ्यांत आधी बघते:
दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर किती राहतात.
अंगानं जड मुलांचा तो बहुतेकदा जास्त निघतो.
आळस नाही हा.
सगळं एका पायावर सोपवायच्या आधी
मूल किंचित थांबतं,
जसे आपण दार ओढून घेण्याआधी
खिशातली किल्ली चाचपतो.

मोठ्यांना आपण सांगतो, पाय जमिनीवर असू देत.
नऊ वर्षांच्या पोराला ते कोणी शिकवलं?

काल खलफ होता, निझव्याचा. त्याच्या आजीनं
हलव्याचा डबा आधी माझ्या टेबलावर ठेवला,
मग अरबीत काही म्हणाली, मला अर्धंच कळलं:
याचा आजोबा पाठीवर बकरी घेऊन डोंगर उतरायचा,
त्याची पावलं कुणी मोजली?
मी हसले. हलवा खाल्ला.
वजन करायच्या काट्यावर मी स्वतः
मार्चपासून चढलेली नाही.

माझा एक फोटो आहे. कराड, नगरपालिकेचा दवाखाना,
गुटगुटीत बाळ स्पर्धा, पहिला नंबर.
मांडीला वळ्या, गालाला तीट, बक्षीस स्टीलचा पेला.
त्या बाळशाचं चौथीपर्यंत काय झालं, विचारू नका.
लंगडीला गडी वाटताना मी शेवटी उरायचे,
आणि उरलेली ज्यांच्या वाट्याला यायची ते म्हणायचे, ह्यॅ.
मग मी घरी सराव करायचे, एकटीच, स्वयंपाकघरात,
खालच्या बिऱ्हाडातून
छताला काठी वाजेपर्यंत.

अन्वयच्या गोळ्या काढता काढता विचारलं,
लंगडी येते?
ते काय असतं?
मी दाखवली. वय बेचाळीस, पांढरा कोट, केस सुटलेले.
चौकोनानं माझा भार नोंदला असणार, मी बघितला नाही.
त्याला मजा वाटली, पण त्याची नजर भिंतीवर गेली,
एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर.
मी उठून बटण बंद केलं. आठही दिवे विझले.

एक.
दोन, हात हवेत.
तीनला भिंत धरली, सोडली.
चौथ्या उडीला खालून
टायरवाल्यानं छताला पान्हा ठोकला, ठण् ठण् ठण्,
आणि आम्ही दोघं तोंड दाबून
पट्टीवर बसलो.

अहवालात मी लिहिलं: पावलांमधलं अंतर रुंद,
वेग कमी, दुहेरी आधाराचा काळ वाढलेला,
सहा आठवड्यांनी पुन्हा.
बाकीच्यासाठी रकाना नाही.

बाहेर आईनं विचारलं, कसला रे आवाज होत होता?
काही नाही, तो म्हणाला,
आम्ही चालत होतो.