सहा दहाची बस

उशीखाली टोस्ट ठेवते मी.
डोळे उघडायच्या आधी एक खायचा, डॉक्टर म्हणाल्या,
पडल्यापडल्याच, पाणी न पिता.
मुंग्यांना ही सूचना माझ्याआधी कळली.
पहाटे साडेचारला आता आम्ही सगळ्या मिळून खातो.
भूषण चादर झटकतो आणि काही बोलत नाही.

पवननगरला नळ येतो पाचला.
पाण्यालाही वास असतो
हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
स्टीलच्या तांब्याला असतो.
बंद टीव्हीला असतो.
भूषणच्या मानेला,
जिथे मी लग्नानंतरचं पहिलं वर्ष काढलं,
तिथे आता उतू गेलेल्या दुधासारखं काहीतरी असतं.
दोनदा साबण बदलला त्याने.
बिचारा बिनवासाचा व्हायला बघतोय.

सहा दहाला कंपनीची बस.
तिसऱ्या रांगेतली खिडकी माझी.
ठरवलं कुणी नाही, पण बसतही कुणी नाही तिथे.
त्रिमूर्ती चौकात मिसळीचा पहिला रस्सा उकळत असतो,
तेव्हा मी श्वास धरते आणि आकडे मोजते.
बावीसला गतिरोधक.
गतिरोधकावर सगळंच सुटतं, श्वासासकट.

ज्या गावाचं नावच म्हणे एका कापलेल्या नाकावरून पडलं,
त्या गावात माझंच नाक असं कसं वाढलं?
पडलं असेल गोदेच्या काठी कुठेतरी,
धूळ खात, मालकीण शोधत,
आणि मी भाजी घेऊन परतताना
आलं असेल मागे मागे.

कारखान्यात अहिरेताईंनी काही विचारलं नाही.
माझ्या टेबलावर आवळासुपारीची डबी ठेवली
आणि सुपरवायझरला म्हणाल्या,
कूलंटच्या मशीनवर मी जाते, सर,
सर्दीनं माझं नाक मेलंय.
सर्दी त्यांना नाही. तीन आठवडे झाले, नाही.

सटाण्याहून सासूबाई फोनवर खूश.
जेवढ्या ओकाऱ्या तेवढं जावळ दाट!
मग हे अस्वलच असणार, मी म्हटलं.
दोघी हसलो.
मग दोघी एकदम गप्प झालो,
आणि त्यांनी कांद्याचा भाव सांगायला घेतला.

मागच्या वेळी नववा आठवडा होता.
एका सकाळी मी वाटीभर पोहे खाल्ले,
कांद्यासकट, वर लिंबू पिळून.
बरं वाटतंय, म्हणाले. सुटले एकदाची.
आईला फोन करून सांगितलं, भूषणला सांगितलं,
दूधवाल्याला पण सांगितलं असतं.
चार दिवसांनी त्या अंधाऱ्या खोलीत
डॉक्टरांनी स्क्रीन हळूच
स्वतःकडे वळवून घेतली.

आज गुरुवार.
टोस्ट खाल्ला. काही नाही.
नळ आला, बादली भरली. काही नाही.
तांब्या नाकाशी धरून उभी राहिले मोरीत.
मग जाऊन भूषणच्या मानेत तोंड खुपसलं.
साबण होता. नुसता साबण.
तो झोपेतच हसला,
त्याला वाटलं, परत आले.

नववा आठवडा, दुसरा दिवस.
बसमध्ये मी काच पूर्ण सरकवली.
चौक यायच्या आधीच.
मागून कुणीतरी थंडी वाजते म्हणालं, वाजू दे.
श्वास धरला नाही.
उलट छातीभर ओढला
कढईतला तो लाल, तेलकट, तिखट धूर,
शेजारच्या टपरीवरचं रॉकेल,
पुढे उभ्या टेम्पोतली भिजलेली कोथिंबीर,
सगळं.
ये, म्हटलं.
अगं ये ना.

सोळा. सतरा.
अठरा.

एकविसाला आलं.
पिशवीची गाठ सुटेना, हात इतके कापत होते,
अहिरेताईंनी दातांनी तोडली.
मग त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या
आयटीआयच्या सिग्नलपर्यंत,
होईल गं कमी, होईल,
दोनचार आठवड्यांत जाईल सगळं.

नको, म्हणायचं होतं मला.
पण तोंड भरलेलं होतं.