हासळीच्या वर

पहाटे चारला पुण्याहून निघते साखर,
शिशाच्या डब्यात, गाडीच्या मागल्या सीटला पट्ट्यानं बांधलेली.
साताऱ्याला पोचेस्तोवर निम्मी विझते.
तावडे हॉटेलपाशी गाडी शहरात वळते
तेव्हा उरलेली असते पाव.
त्या पावात मला
एका माणसाच्या अंगातला विस्तव शोधायचा असतो.

आजचा माणूस : इलाही शिकलगार, वय सत्तावन्न.
दूध संघाच्या शीतगृहात तीस वर्षं
लोण्याची खोकी रचतात, उणे अठरा अंशात.
अर्जात ‘व्यायाम’च्या पुढं त्यांनी लिहिलंय :
खोकी.

गार पाण्याच्या नळ्यांचं जाकीट मी त्यांना चढवते.
चौदा अंश. दोन तास.
‘कुडकुडायचं नाही हं,
कुडकुडलात की स्नायूच साखर खाऊन टाकतात,
आमचा आकडा फसतो.’
‘ताई,’ ते म्हणतात, ‘ह्याला गार म्हणता व्हय तुमी?’

मग वेळ जावा म्हणून मी सांगत बसते :
पांढरी चरबी म्हणजे पतसंस्थेतली ठेव,
पडून राहते, वाढते.
तपकिरी असते चिमूटभर,
लहान बाळांना जास्त, आपल्याला असली तर असली.
ती जळते. हात उचलत नाही, पाय उचलत नाही,
दुसरं काही करत नाही. नुसती ऊब.

ते जरा वेळ छताकडं बघतात.
‘म्हंजे काहिलीबिगर चुलवाण.’

वडणग्याच्या गुऱ्हाळावर त्यांचे वडील चुलवाण्या होते,
रातभर चिपाडं सारायचे.
भुवया कधी धड उगवल्याच नाहीत त्यांच्या.

हिचा रंग लोहामुळं, मी म्हणते, काळपट गुळासारखा.
‘शाहूपुरीत मग भाव न्हाई मिळायचा,’ म्हणतात.
आणि हसू आवरतात,
हसण्यानंसुद्धा आकडा फसत असेल म्हणून.

पडद्यावर आधी मेंदू उजळतो, तो उजळतोच.
मग काळीज. मग मूत्राशय.
आणि मग हासळीच्या वर, दोन्हीकडं,
कुणीतरी फुंकर घातल्यासारखे
दोन निखारे.
मणक्याच्या कडेनं बारके ठिपके खाली उतरत गेलेले.
वाटेत विझलेल्याचा हिशेब धरून आकडा येतो :
बारा पूर्णांक चार.
डॉक्टर नेजदार फोनवर म्हणतात, पुन्हा काढा.
पुन्हा काढते. बारा पूर्णांक चार.

बाहेर बाकड्यावर जैबुनबी डबा घेऊन बसलेल्या.
मी चित्र दाखवते. त्या चष्मा पुसून बघतात,
बोट ठेवतात बरोबर त्या जागेवर.
‘हे व्हय? ह्याच्यापायी काल रातीपासनं उपाशी ठेवलंसा?
थंडीत भांडी घासून आले की
हात हितंच घालते मी.
तेहतीस वर्सं झाली.’
इलाहीभाई सदऱ्याचं वरचं बटण लावतात,
जे एरवी लावत नसावेत.

अहवालात त्यासाठी रकाना नाही.
वय, वजन, खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान,
डावी बाजू, उजवी बाजू.
मी ‘शेरा’मध्ये काहीतरी लिहिते आणि खोडते.

मागच्या मंगळवारी तुलनेसाठी मीही झोपले होते त्याच फळीवर.
चौतीस वय, तेच जाकीट, तेच दोन तास.
डावीकडं अंधार. उजवीकडं अंधार.
डॉक्टर म्हणाल्या, नाहीच असं नाही,
त्या दिवशी पेटली नसेल.
मी मान डोलावली
आणि माझ्या नावाच्या जागी क्रमांक घातला : नऊ.

साडेसात वाजलेत. जाकीट उलटं टांगलंय,
नळ्यांतलं पाणी बादलीत टपटपतंय.
उद्याची यादी बघते.
एक जण शिरोलीच्या फौंड्रीतला, भट्टीवरचा, एकेचाळीस वर्षांचा.
बघू,
बाहेर एवढी आग असली
तर आतली राहते का.