बारा तासांचं मुखत्यारपत्र

डिडकॉट, फेब्रुवारी. पहाटेचे साडेतीन.
खिडकीच्या काचेला आतूनच दव,
आणि काळ्या पडद्यावर
माझं काम परत पाठवणारा एकच शब्द :
नामंजूर.

यंत्रांच्या दोन वसाहती आहेत.
एक आमची, इथली. दुसरी वर, ग्लासगोत.
इथे कामानं रांगेत उभं राहायचं,
तिथे कामाला कोणीतरी हाक मारून नेतं.
इथे सही लागते, तिथे शिफारस.
दोघीही गणितंच सोडवतात,
पण एका पंक्तीला बसत नाहीत.

म्हणून मी मधल्या उंबऱ्यावर
एक सांगकाम्या बसवला, शे-दोनशे ओळींचा.
इकडचं ऐकायचं, तिकडच्या बोलीत सांगायचं,
आलेलं उत्तर पदरचं काही न घालता परत आणायचं.
असं माणूस आमच्या नात्यागोत्यात तरी सापडलं नाही.

ग्विलिम म्हणतो, त्याला तुझी किल्ली देऊ नकोस.
किल्ली कोणालाच द्यायची नसते.
द्यायचं एक मुखत्यारपत्र :
माझंच नाव, शेपटी जोडून थोडं लांबवलेलं,
आयुष्य बारा तास.
तेवढा वेळ तो ग्लासगोच्या दारात
म्हणू शकतो, मी तीच.
मग कोणीच नाही.

कॉलेजात आम्ही याला प्रॉक्सी मारणं म्हणायचो.
एकशे सत्तावीस, येस सर,
आवाज जरा बारीक करून.
तिथे सापडलं की दंड होता. इथे पगार आहे.

फोन थरथरला. कुरुंदवाडला नऊ वाजलेत,
आमच्या नव्या घराची वास्तुशांत.
वन्संनी फोन तांदळाच्या डब्याला टेकवलाय,
मला अर्धं होमकुंड दिसतं
आणि कोणाचे तरी पाय.
"पत्नी?" गुरुजींनी विचारलं.
"इंग्लंडला."
गुरुजी अडले नाहीत.
तबकातली सुपारी उचलली,
नवऱ्याच्या कमरेला, सोवळ्याच्या निरीत खोचली.
चला, म्हणाले, जोडी बसली.

मी बघत राहिले.
रोठा होती की चिकणी, तेही दिसेना.
धूर तिला लागला.
जरा रागच आला,
माझ्या जागी इतकं लहान, इतकं टणक काही चालतं?
मग गुरुजींनी नाव घेतलं,
माझंच,
नवऱ्याचं नाव आणि गोत्र जोडून लांबवलेलं.

"घड्याळ," ग्विलिम मान वर न करता म्हणाला.
ग्लासगोचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं.
त्यांच्या लेखी माझं पत्र
अजून लिहिलंच गेलं नव्हतं.
साडेपाच तासांचं अंतर एका सुपारीने निभावलं
आणि इथे चार मिनिटांनी अडलं.
त्याने तिकडच्या रात्रपाळीवाल्याला उठवलं,
कोणीतरी काटे सारखे केले.
माझं काम आत गेलं.
कोणी हाक मारली असेल त्याला,
आवाज काही इथवर आला नाही.

दुपारी झोपून उठले तर
मुदत संपल्याची एक ओळ येऊन पडलेली.
वन्संना फोन केला : ती सुपारी कुठाय?
"कुठली? अगं, ती होय?
मामंजींनी अडकित्त्यानं कातरली
जेवणं झाल्यावर.
चांगली निघाली म्हणाले,
आत किडकी नव्हती."