दार लाव, हेल्ये

टालिनहून बोटीनं दोन तास, की हेलसिंकी.
एवढंच अंतर,
आणि मला बेचाळीस वर्षं लागली.

पिशवीत कॅसेट. तिच्या पाठीवर
काल्यूच्या तिरक्या अक्षरात: हाल्कोपिनो.
म्हणजे लाकडाची थप्पी.
बँडला असलं नाव कोण ठेवतं, आई म्हणायची.

आमच्या कुंडा गावात तेव्हा
सगळ्यावर सिमेंटची भुकटी असायची.
वाळत घातलेल्या चादरींवर, मांजरावर.
रात्री अकरानंतर समुद्रापलीकडचं स्टेशन लागायचं,
खरखरत, मध्येच बुडत, पुन्हा वर येत.
काल्यू रेडिओच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर धरून बसायचा,
श्वास रोखून,
आणि मी, बारा वर्षांची, नेमकी तेव्हाच आत आले.
म्हणून तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर,
गिटार जराशी थांबते तिथे
माझा भाऊ बोलतो:
दार लाव, हेल्ये, गारठा येतोय.

पुढच्या वसंतात त्याला फौजेचं बोलावणं आलं.
त्याच्या पुढच्या वसंतात जस्ताची पेटी, कडा झाळलेली.
उघडायची नाही, असं सांगणारा माणूस
चहा न घेताच गेला.

सभागृह लहान. माणसं माझ्याच वयाची,
गुडघे सांभाळत उभी.
शेजारच्या बाईंनी कानासाठी कापूस पुढे केला.
मी नको म्हटलं.
चौघे आले, म्हणजे तिघे;
ड्रमवर त्यांच्यातल्याच कुणाचा तरी भाचा होता.
पहिलं झालं, दुसरं झालं.
तिसऱ्याला सगळे गाऊ लागले, मीही,
भिंतीवर चढत जाणाऱ्या बुरशीचं गाणं.
बाई हसल्या. बुरशी नव्हे हो, सरकार!
आमच्याकडे जो शब्द बुरशीला
तोच त्यांच्याकडे सरकारला.
आमच्या वेळी फारसा फरकही नव्हता म्हणा.

दुसरं कडवं संपलं. गिटार थांबली.
मी कान टवकारले.
काहीच आलं नाही.
एवढ्या स्वच्छ आवाजात
एवढी मोठी फट.
मग मीच म्हणायला गेले, तोंडातल्या तोंडात,
दार लाव, हे
तोवर पुढचं कडवं निघूनही गेलं होतं.

नंतर भेट. रांगेत अठ्ठावीस जण.
खोलीत वाटाण्याच्या सुपाचा वास,
आणि ताउनो, ज्याच्या पोस्टरला मी एकेकाळी
गुड नाइट म्हणायची,
स्टुलावर बसलेला, एक पाय बर्फाच्या बादलीत.
मी वाक्यं पाठ करून आले होते.
चष्म्याच्या काचा घासताना, दुकानात, महिनाभर.
त्यातलं एकही जिभेवर येईना.
कॅसेट पुढे केली.
कुणाच्या नावे? त्यानं पेनचं टोपण दातांनी काढलं.
आणि मी भडाभडा सांगून टाकलं सगळं,
निम्मं त्याच्या भाषेत, निम्मं माझ्या,
रेडिओ, काल्यू, ती फट.
पेटीचं नाही सांगितलं.
पण त्यानं टोपण परत लावलं.

मागच्या माणसानं घसा खाकरला.

मग, लावलंस का? ताउनोनं विचारलं.
काय?
दार.

मला आठवेना.
कॅसेटवरही नाही. गाणं लगेच पुढे सुरू होतं,
दार लागल्याचा आवाज कुठेच नाही.
हजारदा ऐकलंय मी ते,
आणि हे कधी ऐकलंच नव्हतं.
नाही बहुतेक, मी म्हटलं.
तो मान हलवत राहिला, बराच वेळ,
बादलीतला बर्फ त्याबरोबर किणकिणत.
सही राहूनच गेली.

रात्रीची शेवटची बोट.
डेकच्या दारात एक पोरगा, दार पाठीनं रेटून उघडं धरलेलं,
फोनवर कुणाशी तरी भांडत होता, की लाडात होता, कळेना.
आतली माणसं त्याच्याकडे बघत कॉलर वर करत होती.
मी दाराशी सगळ्यात जवळ बसले होते.
येऊ दे, म्हटलं.