साडीगार्ड

शोरूममधला पोट्टा म्हणाला,
"काका, पोरासाठी घेता का?"
मी "हो" म्हणालो.
मला पोरगा नाही. एक मुलगी, अकोल्यात नर्सिंगला.
खोटं बोललो आणि सह्या केल्या, अकरा ठिकाणी.
लाल टाकी,
टकरीआधी मान खाली घातलेल्या गोऱ्ह्यासारखी.
मागची सीट एवढीशी, उंच,
पाटावर पाट ठेवावा तशी.

दुसऱ्याच दिवशी फाट्यावर एजाजकडून
साडीगार्ड काढून घेतलं.
त्याच्यामुळं मागचं चाक नीट दिसत नव्हतं.
एजाजचा पाना थांबला, "भाऊ, वैनी नाई बसत का?"
"नाई बसत. तिले भेव लागते."
तिला मी विचारलंच नव्हतं.

वय एकावन्न. काम गायी-म्हशी भरवायचं.
कागदावर त्याला कृत्रिम रेतन म्हणतात.
गावात म्हणतात,
"आला गुणवंता, डब्यात सांड घेऊन."

तो डबा, नायट्रोजनचा, मागच्या सीटवर
सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधतो.
आत उणे एकशे शहाण्णव, नळ्यांत झोपलेले वळू.
बाहेरून हात लावला तर
दुपारच्या हंड्याइतका साधा.
वळणावर माझ्याबरोबर वाकतो.
ब्रेक मारला की पाठीला येऊन टेकतो.

आता खरं सांगतो.
कलगाव सोडलं की उतार लागतो,
दोन्ही बाजूंनी तूर, खांद्याएवढी,
आणि डांबर यंदाचं, अजून एकही खड्डा नाही.
तिथं मी तिसऱ्यातच ओढतो गाडीला,
आरसे थरथरून त्यातलं गाव पुसलं जाईपर्यंत,
मग चौथा टाकतो.
गुडघ्यांत टाकी गरम,
तोंडात एखादं चिलट, डोळ्यांतून पाणी कानाकडं,
आणि एकावन्न म्हणजे
मैलाच्या दगडावरचा आकडा, मागं गेलेला.
पुलावर अरुणावती, पापणी लवेस्तोवर.

कुणी मेलेलं नसतं. कुणी घाईनं बोलावलेलं नसतं.
म्हैस माजावर असते,
ती संध्याकाळपर्यंत थांबली असती.

परवा रोही आडवा आला.
तुरीतून थेट रस्त्यावर, घोड्याएवढा नर.
दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक सरकलं
कुणीतरी वाळत घातलेल्या सोयाबीनवरून.
पडलो नाही.
डबा पाठीत घुसला.
रोही तिथंच उभा, माझ्याकडं बघत,
माजावर नेमकं कोण आहे ते ठरवत असल्यासारखा.

रात्री बेबी पाठीला टोळंबीचं तेल चोळत होती.
"कोनं मारलं तुमाले?"
"डब्यानं."
हात थांबला.
"त्यालेच बसवता न मांगं.
मी असती त धरलं असतं.
डब्याले हात असतेत का?"

सकाळी गोठ्यामागं गेलो.
मीच टांगलं होतं खिळ्यावर साडीगार्ड.
त्यात वाल चढला होता,
सळीसळीला वेटोळं, जांभळा तुरा बाहेर काढून,
जसं काही कंपनीनं त्याच्याचसाठी बनवलं.
पक्कड घेऊन उभा राहिलो.
कुठून कापावं कळेना.

तिनं चुलीपासूनच पाहिलं.
"सेंगा येऊ द्या."
"आन तवरीक?"
काही बोलली नाही.
आत गेली, बाहेर आली
पोरीची जुनी सलवार घालून,
वर माझा शर्ट, वेचणीला जाताना घालते तो.
डब्याची ट्यूब स्वतःच सोडली, डबा सावलीत ठेवला,
आणि टांग टाकून बसली.
तिचे गुडघे कुठं ठेवायचे
हे दोघांनाही थोडा वेळ समजेना.

उतार लागला.
तिची हनुवटी माझ्या खांद्यावर आदळली, मग तिथंच राहिली.
कानाशी ओरडून म्हणाली,
"एवढीच पयते का हे?"

मी अजून तिसऱ्यातच होतो.