रंग चढेपर्यंत

मगदूम सर नाकानं सांगायचे:
हा गंधक, ही कुपवाडच्या फाउंड्रीची काजळी,
आणि वारा फिरलाय, ही यार्डातली हळद.
आम्ही वहीत लिहायचो: उग्र. मध्यम. किंचित.
"किंचित म्हणजे किती?"
मी विचारलं, नोकरीच्या तिसऱ्या दिवशी.
ते हसले, आणि कपाटातून
वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची बाटली काढली.

बाटलीत पाऱ्याचं द्रावण.
पंप लावला की हवा बुडबुडत आत यायची
हुक्क्यासारखी, ओढणारं मात्र कुणी नाही.
तासगाव रस्त्याला, बेदाण्याच्या शेडच्या छपरावर
आम्ही ती बर्फात बसवली,
गोळेवाल्या दस्तगीरकडचा चार रुपयांचा बर्फ.
कारण उन्हात धरलेला वायू निसटतो,
जसा
नको. सर अहवालातल्या उपमा खोडायचे.

खाली, माल सोनेरी दिसावा म्हणून
गंधकाची धुरी चाललेली.
अक्काताई आतबाहेर करत होती,
पदर नाकाला नाही.
"वास येत नाही?"
"कसला वास, बाई? पयल्या साली यायचा."

उग्र, मध्यम, किंचित.
यात "पयल्या साली" कुठल्या रकान्यात लिहू?

रात्री लॅबमध्ये नळीत रोझॅनिलिन सोडलं
आणि थांबलो. अर्धा तास लागतो रंग चढायला.
सरांनी चहा घेतला. मला गेला नाही.
आधी काहीच नाही.
मग नखाइतका गुलाबी.
मग जांभळट, एखाद्या शालूच्या
(खोडा.)
पाचशे साठवर काटा हलला, थरथरला, थांबला.
अक्काताईच्या नाकानं सोडून दिलेलं सगळं
त्या नळीत उभं होतं.

आता छपरावर पांढरं कपाट आहे.
स्वतःच श्वास घेतं,
दर पंधरा मिनिटांनी मोबाइलवर आकडा धाडतं.
बर्फ नको, पारा नको. बरंच झालं;
उरलेला पारा आम्ही मोरीतच ओतायचो,
तो कुणी मोजला नाही.
सर गेले. शेवटी शेवटी
त्यांना कापूरसुद्धा ओळखू येत नव्हता.

आकडा बरोबर असतो. मी दोनदा पडताळलाय.
परवा अक्काताईला दाखवायला गेले.
तिनं मोबाइल हातात घेतला,
उलटासुलटा केला,
आणि नाकाशी नेला.