कंच्या तिथीला

मला लिहायचा होता फक्त पाटीचा मजकूर.
तीन फूट बाय दोन, हिरव्यावर पांढरी अक्षरं,
अंतर, चढ, लागणारा वेळ,
आणि खाली चौकटीत
सोपी, मध्यम, कठीण यांपैकी एक शब्द.

ऐरोलीत, दिवा कोळीवाड्याच्या मागे,
रस्ता संपून जाळी सुकवायचे बांबू सुरू होतात
तिथे चांगुणा मढवी उभी होती.
हातात कोयती, पायात काही नाही.
माझ्याकडे नवे बूट आणि मोजायचं चाक.
दर मीटरला ते टक् करायचं.
तिला त्याचं हसू येत होतं, पण ती हसली नाही.

आधी बांध, जुन्या मिठागराचा.
मीठ गेलंय, जमिनीवर नुसता त्याचा डाग.
मग तिवरांत शिरलो
आणि उजेड एकदम पातळ झाला,
कुणी ताकात पाणी घातल्यासारखा.
मुळांची टोकं चिखलातून वर आलेली,
उलट्या ठोकलेल्या खिळ्यांचं शेत.
एक निवटी डोळे वर काढून
पाण्यात जावं की बाहेर राहावं हे ठरवत होती.
बराच वेळ ठरवत होती.

मी वहीत लिहिलं:
चढ, शून्य. पायऱ्या नाहीत.
लहान मुलं, वयस्कर माणसं: चालेल.

"इकरं पाय नको देव," ती म्हणाली,
जिथे मला चांगली जमीन दिसत होती तिथे.
कोयतीच्या मुठीने दाबून दाखवलं.
जमीन हलली, दुधावरच्या सायीसारखी.
तिथे खाली तिच्या सासूची तोरडी आहे,
एकाच पायाची.
दुसरी लेकीच्या लग्नात मोडली.

वाट संपते तिथे पुळण.
पुळण म्हणजे केवढी, बैठकीच्या खोलीएवढी,
अर्धी शिंपल्यांच्या चुऱ्याची, अर्धी थर्माकोलची.
पलीकडे पूल, त्यावर काचा चमकवत जाणाऱ्या गाड्या,
आणि फार आत, पाण्यावर, एक गुलाबी रेघ
जिला चांगुणा "पावने" म्हणते.
चाकावर आकडा आठशे चाळीस.
वेळ पंचवीस मिनिटं, गप्पा धरून.

मी मजकूर वाचून दाखवला.
तिने कागद ओढून घेतला, पुन्हा स्वतः वाचला,
अक्षराखालून बोट सरकवत.
"खारफुटी"शी थांबली. "तिवर बोल ना."
मग चौकटीवर आली.
"सोपी?"
"हो. सपाट आहे सगळी."
"कंच्या तिथीला?"

मला वाटलं, सणावाराचं काही विचारतेय.
पण ती पाण्याचा हिशेब सांगत होती.
अष्टमीला भांग, पानी आलशी, पोर पन येल.
एकादशीपासून त्याला जोर चढतो.
पुनवेच्या दुपारी ही पुळण नसते.
बुडते असं ती म्हणाली नाही. नसते.
आणि एका अवसेच्या पहाटे
खुबे वेचायला गेलेल्या बायकांना
या आठशे चाळीस मीटरना परतताना किती वेळ लागला,
ते तिने सांगितलं नाही.
दोन्ही हातांची मिळून सात बोटं वर धरली,
मग एक मिटलं.

चाक परत येतानाही टक् टक् करत राहिलं.
मला ते बंद कसं करायचं माहीत नव्हतं.

कार्यालयात साहेब म्हणाले, सुटसुटीत झालंय.
तिथीचा रकाना कशाला? लोक दहाला येतात, फोटो काढतात, जातात.
मी रकाना काढला.
फक्त "सोपी"च्या खाली चार बोटं जागा कोरी ठेवली
आणि रंगाऱ्याला म्हटलं, माप चुकलं माझं.

परवा सकाळी सहज गेलो, बूट घरी ठेवून.
त्या कोऱ्या जागेत खडूने लिहिलेलं:
आज तेरस. आठच्या आत मागं फीरा,
नायतं दुपारी या.
वेलांटी चुकलेली.
घड्याळात सव्वासात.
मी बांधाच्या कडेला बसलो
आणि पाणी येईपर्यंत पाटी वाचत राहिलो.